माइकचं तोंड कुणाकडे

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी भांडतो असं तुझं म्हणणं, म्हणून हे पत्र. कागदावर निदान आवाज चढत नाही.

कॉलेजचं नाव काढू नकोस. सोडलं ते सोडलं. दिवसा दुकानात पंखे दुरुस्त करतो आणि संध्याकाळी नवं वेड, मैफली रेकॉर्ड करायच्या. विकायच्या नाहीत, मिरवायच्या नाहीत, नुसत्या टिपायच्या. पहिल्यांदा रेकॉर्डर खिशात ठेवला, तर कार्यक्रमभर माझा शर्टच वाजला. दुसऱ्यांदा मांडीवर धरला. शेजारच्या काकूंनी गोळीचा कागद इतक्या सावकाश सोडवला की पियानोपेक्षा तोच ठळक आला. आता कळतंय. आधी परवानगी घ्यायची, माइक स्टँडवर लावायचा, आणि पुढे कुणी जोरात वाजवेल हे धरून रेकॉर्डरची आवाजाची पातळी आधीच उतरवून ठेवायची.

परवानगी मिळाली ती नेमकी बाबांच्या वाद्यवृंदाची. हसू नकोस, बाबांसाठी गेलो नव्हतो. पुढच्या रांगेत एक व्हायोलिनवाली बसते. गज उचलण्याआधी ती श्वास घेते, तो हेडफोनमध्ये ऐकू येतो. पुढचं तुला सांगायला नको.

बाबा तालमीला येतात, मला बघतात आणि क्लॅरिनेटची पत्ती ओली करत बसतात. मीही वायरी गुंडाळत बसतो.

तुझा,
तडतड्या


१९ जानेवारी

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद.

नुसता श्वास ऐकून प्रेमात पडणारा आपल्या घरात तूच पहिला. तिच्याशी एक शब्द तरी बोललास का, की हेडफोन लावूनच संसार करणार आहेस?

आता कामाचं. बाबांचे पुढचे दात हलायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, काढावे लागतील, आणि मग क्लॅरिनेट पूर्वीसारखं तोंडात धरता येणार नाही. वृंदात त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, मलाही सांगू देत नाहीत. येता कार्यक्रम त्यांचा शेवटचा. त्यात मधल्या संथ भागात सूर त्यांचा आहे, बाकीचे हलकेच साथ देणार.

इतकी वर्षं वाजवलं, पण आपल्या घरात त्यांचं वाजवणं कुठेच टिपलेलं नाही. तेवढं टिप. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही. बाबांशी कॉलेजवरचं भांडण नंतर कर, ते कुठे पळून जात नाही.

माया आहे, पण अंत बघू नकोस.

ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत प्रत पाठवतोय. असं रेकॉर्डिंग मी पुन्हा करीन असं वाटत नाही. सुरुवातीची खुर्च्यांची खडखड न ऐकताच गाळली. पहिल्या सुरापासूनच ऐक.

कार्यक्रम संपल्यावर ती स्वतःहून माझ्याकडे आली. माझे हेडफोन कानाला लावले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली की स्वतःचा हात इतका चांगला आहे हे तिला माहीतच नव्हतं. एक प्रत मागून घेतली. ताई, मी पायी घरी आलो, बस समोर उभी असून.

बाबांना सांग, काम झालं.

तुझा हवेत असलेला,
तडतड्या


२१ फेब्रुवारी

चि.,
आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात बाबांचे दात काढले. काल त्यांनी कपडे बदलले, केस विंचरले आणि ऐकायला बसले. संथ भाग आला तसे पुढे झुकले. मला वाटलं, आवाज कमी आहे म्हणून मी वाढवला. व्हायोलिन तेवढं वाढलं.

शेवटपर्यंत ऐकलं. मग स्पीकर बंद करून पुसून ठेवला आणि म्हणाले, "छान वाजवते पोरगी. त्या दिवशी मी आलो होतो ना?"

तू माइक कुणाच्या तोंडासमोर लावलास, हे मी विचारत नाही. मला कळलं आणि त्यांनाही कळलं. मी काय मागितलं होतं, एवढं एकदा आठव.

ताई


५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

हो, दोन्ही माइक तिच्यासमोर होते. पातळीही तिच्याच हिशोबाने. बाबा मागच्या रांगेत होते आणि मी मान वर करून पाहिलंही नाही. ते रेकॉर्डिंग ऐकवून तिला दूरच्या एका मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळाली. निरोप घ्यायला दुकानात आली होती. सगळं तुझ्यामुळे झालं, दादा, म्हणाली. दादा. मालक काउंटरमागे हसत होते. मी हातातला पंखा आपटला, तो आता मलाच भरून द्यायचाय.

काल मूळ रेकॉर्डिंग लावलं, म्हटलं बाबांचा एखादा सूर तरी सापडतो का बघू. सापडला नाही. पण मी गाळलेल्या खडखडीत माइकजवळ पावलं वाजली. ती कुणाला तरी विचारत होती की हे माइक इतके जवळ कसे, काही चुकलं तर नाही. आणि बाबा तिला म्हणाले, "राहू दे. लावणारा माझा मुलगा आहे, त्याला कळतं."

अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये बाबांचं तेवढंच स्पष्ट आलंय.

तो तुकडा सोबत पाठवलाय. त्यांना ऐकवायचा की नाही, तू बघ. मी रेकॉर्डर दुकानाच्या माळ्यावर टाकलाय. लोभ असावा असं आता कुठल्या तोंडाने लिहू?

तडतड्या