मामा, तुमचा धूर पोहोचला

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला, मामींचा गुडघा आणि अंगणातली राख यांची चौकशी एकदमच करते, म्हणजे उत्तरही एका ओळीत उरकता येईल. मी ठीक आहे (म्हणजे नोकरी अजून आहे).

तुमच्या मागच्या पत्रात डोंगरामागचं जंगल अकरा दिवस जळलं आणि वारा फिरल्यावर धूर एकदाचा गेला म्हणून केवढा आनंद होता. मामा, तो गेला नव्हता, आमच्याकडे यायला निघाला होता. वर चढला, समुद्रावरून इकडे येणारा ओल्या हवेचा लांबलचक पट्टा त्याला वाटेत भेटला, आणि दोघं सहा दिवस जोडीनं प्रवास करून मंगळवारी सकाळी आमच्या हवामान केंद्राच्या गच्चीवर हजर झाले. तिथे आमचं यंत्र दिवसभर हवा ओढतं आणि तासातासाला तिच्यातली काजळी आणि ओलावा टिपतं (एरवी तुमची भाची त्याच्यावरची धूळ टिपते). त्या दिवशी गाळणीचा पांढरा कागद करडा झाला आणि ओलाव्याचा आकडाही त्याच तासाला चढला. आलेखावर दोन्हींच्या रेघा तीन दिवस बरोबरीनं चालल्या. धूर आणि ओलावा समुद्र ओलांडून असे सोबत येताना आमच्या केंद्रानं कधी पकडले नव्हते. मी आनंदानं वेडी व्हायचीच बाकी होते.

मग रेघा साहेबांपुढे गेल्या. साहेब दहा वर्षांत दोनदा गच्चीवर आलेत, दोन्ही वेळा स्वतःच्या गाडीवर सावली कुठवर येते ते बघायला. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "धूर आणि वाफ एकत्र फक्त चहाच्या टपरीवर असतात. गच्चीवर स्टोव्ह कोणी पेटवला?" मी नकाशावर बोट ठेवून जंगल, वारा, समुद्र सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि गच्चीला कुलूप घालायला सांगितलं. एवढी हुशारी एकाच खुर्चीत मावते कशी, कोण जाणे. आता तीन दिवसांच्या नोंदींवर लाल शाईत "चहा" असा शेरा आहे. सोमवारी चौकशी. शेरा कायम झाला तर नोंदी रद्द आणि माझी रवानगी तळघरातल्या भांडारात, मोडके पंखे सांभाळायला. पंख्यांचं काही नाही हो, पण इतक्या लांबून आलेल्या त्या दोघांना कोणी चहा म्हणावं, याचं मला खरंच रडू आलं.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. तुम्ही अग्निशमन केंद्रात आहात आणि शिक्का तुमच्याच खणात असतो, हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं (मुळीच नाही, पत्र त्यासाठीच आहे). जंगल कधी पेटलं आणि धूर कोणत्या दिवशी समुद्राकडे वळला, हे सहीशिक्क्यानिशी लिहून सोमवारच्या आत फोनवर फोटो पाठवा.

आणखी एक ता. क. पत्रात फक्त धुराबद्दल लिहा, तो सगळा तुमचाच आहे. वाफेबद्दल अवाक्षर नको. यंत्राच्या पायाशी आमची विजेची किटली असते, आणि रोज चार वाजताची वाफ आमची आहे.