मुठीतली नळी

ताई,

आज तुझ्या रक्ताची नळी आमच्या लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आली. गारठ्याने रक्त कणाकणाने गोळा होऊन काचेला चिकटलं होतं. ऊब दिल्यावर ते कण सुटले, तर तुझं शरीरच तुझ्या रक्ताच्या जिवावर उठलंय ही शंका पक्की होते.

गरम पाण्याचं यंत्र शेजारीच होतं. मी मात्र नळी मुठीत धरून बसले.

“यंत्र बिघडलं का गं?” सोबतच्या मुलीने विचारलं.

“हो,” म्हटलं.

लहानपणी तुझे हात गार पडले की आई ते माझ्या मुठीत द्यायची. ती गेल्यावर तू माझ्याशी बोलणंच टाकलंस.

कण सुटले. पुढच्या तपासणीतही तेच निघालं. डॉक्टर सांगतीलच. हे पत्र पाठवणार नाही. मी इथे आहे हे कळलं, तर तू लॅब बदलशील.

नळी केव्हाच जागेवर ठेवलीय. मूठ उघडवत नाही.

तुझी धाकटी