बाबांची ग्रिल आणि मूठभर स्क्रू

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात सध्या एकदा वाकले की उठायला कुणाचा तरी हात लागतो, त्याचं कारण पुढे येईलच. तुझा खांदा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? (गेला नसेल तर मी विचारलं होतं म्हणून सांग. गेला असेल तरी सांग.) इकडे सगळे खुशाल. बाबांची तब्येत उत्तम, आमच्या ह्यांची मनःस्थिती मध्यम आणि माझी नखं काळी.

तुला रजा मिळणार नव्हती, म्हणून तू फोनवर म्हणालास, की बाबांच्या वाढदिवसाला रविवारी सगळे जमतील, तर अंगणातलं ते गॅसच्या ग्रिलचं भंगार टाकून दे, मी नवी पाठवतो, मोबाइलवरून चालणारी. फोन स्पीकरवर होता आणि बाबा समोर मटार सोलत बसले होते, हे तुला माहीत नव्हतं. त्यांनी मान वर केली नाही. फक्त दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकायला लागले. आता तूच सांग. माझ्याकडे राहायला येताना या माणसाने कपड्यांची एक बॅग आणि ती ग्रिल एवढंच आणलं. तेव्हापासून काही मागत नाहीत. चहात साखर कमी पडली तरी 'आज वेगळा झालाय, छान' म्हणतात. म्हणून मी तुला ताठ्यात सांगितलं, की नवी अजिबात नको, रविवारपर्यंत हीच पेटवून दाखवते. (फोन ठेवल्यावर रोजनिशीत लिहिलं: 'मी हे बाबांच्या प्रेमापोटी बोलले, की दादाला खाली पाहायला लावायला?' उत्तराची जागा अजून कोरी आहे.)

तर झाकणापासून सुरुवात केली. झाकणाच्या आतून काळे पोपडे लोंबत होते. मला वाटलं, रंग उडतोय. कंपनीच्या नावाने थोडं बोलूनही घेतलं. खरवडल्यावर कळलं, की तो रंग नव्हताच, वर्षानुवर्षांची चरबी आणि धूर एकावर एक बसून त्याचं कातडं झालं होतं. आपलं सगळं बालपण तिथे थरांनी चिकटलेलं होतं म्हण ना. उलथन्याने मी ते खरवडत असताना हे दारात उभे राहून म्हणाले, की जपून, तेवढ्यानेच ती उभी आहे. मी दुर्लक्ष केलं. (मग वाटलं, दुर्लक्ष करायला नको होतं, म्हणून चहा केला. मग वाटलं, चहा केल्याने त्यांचा मुद्दा मान्य केल्यासारखं झालं, म्हणून तो मीच प्याले.)

मी किती काटेकोर आहे ते तुला माहीत आहे. ग्रिल पूर्ण उघडायची म्हटल्यावर मी प्रत्येक भागावर कागदाची चिठ्ठी चिकटवली: 'डावी जाळी, मागचा दांडा', 'या बाजूचा स्क्रू, वरचा, जरा रुसलेला'. अक्षर इतकं सुंदर आलं होतं, की मी ह्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. नंतर सगळे भाग एकत्र करून न्हाणीघरातल्या टबात साबणाच्या गरम पाण्यात भिजत घातले. चिठ्ठ्यांसकट. थोड्या वेळाने जाऊन पाहते, तर पाण्यावर माझं सुंदर अक्षर तरंगत होतं आणि तळाशी नाव-गाव नसलेलं लोखंड. ग्रिल परत जोडली तेव्हा मूठभर स्क्रू उरले. हे म्हणाले, की कंपनीने जास्तीचे दिले असतील. मला बरं वाटावं म्हणून बोलले हे कळत होतं, तरी मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

आता कोळी. ज्योत निळी यायला हवी, ती पिवळी आणि मरतुकडी येत होती. ग्रिलसोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की गॅसच्या नळीत कोळ्यांना घर करायला आवडतं. बॅटरी मारून पाहिलं, तर खरंच एक बाई आत बसल्या होत्या. (बाई का वाटल्या ते सांगता येणार नाही, बसण्याची ढब.) तारेचा ब्रश हातात होता, पण तो घालवेना. त्या आमच्या आधीपासून राहत होत्या, भाडं मागितलेलं नव्हतं, सूचना दिलेली नव्हती. मी नळी सोडवून झाडाखाली ठेवली आणि त्या आपणहून निघायची वाट बघत बसले. ह्यांनी विचारलं, की नोटीस टाइप करून हवी आहे का. शेवटी बाबा आले, त्यांनी नळीवर चमचा वाजवला आणि बाई तरातरा बाहेर पडून ह्यांच्या चपलेत राहायला गेल्या.

पण दादा, खरी पंचाईत पुढेच. बर्नर गंजून चाळण झाला होता, तो नवा आणला. रबरी पाइपला चिरा, तोही नवा. मग जाळ्या, बटणं, चाकं, पेटवायची ठिणगी, खालची पेटीसुद्धा. (जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासली, बुडबुडा येत नाही म्हणून इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. ह्यांना मी बादली घेऊन कुंपणापाशी उभं केलं होतं, त्यामुळे हे वाक्य त्यांनी ऐकलं नाही.) शेवटी बघते, तर जुनं असं झाकणच तेवढं उरलेलं. मग ही बाबांची ग्रिल आहे का? की दादाला नको म्हटलेली नवी ग्रिलच मी पुड्यापुड्यांनी घरात आणली? त्यात भर म्हणजे, तुला आठवत असेल, जुनी ग्रिल बटण दाबून झाकणाच्या डाव्या अंगाला बुक्का मारल्याशिवाय पेटत नसे, आणि तो बुक्का फक्त बाबांना जमायचा. तू मारलास की हात सुजायचा, मी मारला की झाकण आपटायचं. आता ती बोट लावताच पेटत होती. म्हणजे दुरुस्तीत मी बाबांनाच वगळलं. दोन रात्री झोप नाही. सांगावं, तर त्यांचा वाढदिवस नासणार. न सांगावं, तर मी फसवणारी मुलगी.

रविवारी सगळे जमले. कणसं, बटाटे, कांदे ताटात तयार. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ग्रिलसमोर उभे राहिले, झाकणावरून हात फिरवला आणि बटणाला हात लावायच्या आधीच डाव्या अंगाला तो बुक्का हाणला. मग बटण दाबलं. निळी ज्योत अशी सरसरत गेली, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा ताठ झाले आणि म्हणाले, "बघा. ओळखते मला."

तिथेच मी फुटले. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की बाबा, हिच्यात झाकणाशिवाय काही जुनं नाही, बुक्क्याची गरजही उरलेली नाही, मला माफ करा. बाबांनी कणीस फिरवलं, दुसरी बाजू भाजायला ठेवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, माझे दात बसवलेले. गुडघा स्टीलचा. दोन्ही डोळ्यांत भिंगं. मला कुणी बदलून आणला म्हणतं का?"

मग त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, की चटणी कुठाय, नुसतं कोण खाणार. दादा, आमच्या घरी राहायला आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी चटणी आणायला आत पळाले आणि बराच वेळ आतच राहिले.

वहिनीला नमस्कार. खांद्याला शेक घे.

तुझी
छोटी

ता. क. पत्र लिहायचं मुख्य कारण राहूनच गेलं. मी नको म्हटल्यावरही तू नव्या ग्रिलची ऑर्डर दिलीच असशील, मी तुला ओळखते. कृपा करून आजच रद्द कर. ठेवायला जागा नाही आणि बाबांना वाईट वाटेल.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात ती आली. देखणी आहे. बाबांना अजिबात वाईट वाटलं नाही. ते तिच्याभोवती फिरले, छान म्हणाले, आणि प्रेमाने डाव्या अंगाला बुक्का मारला. तिच्या काचेवरचे आकडे विझले, ते परत आले नाहीत.

ता. क. ३. कंपनीला कळवू नकोस. मी ती उघडली आहे. या वेळी चिठ्ठ्या लावल्या नाहीत, सगळं डोक्यात ठेवलं आहे. फक्त बाबांनी आवरताना तिचे स्क्रू आणि आधीचे ते मूठभर उरलेले एकाच डब्यात ओतले. तुझ्याकडे पुस्तिका आली असेल तर लगेच पाठव. बाबा शेजारी चमचा घेऊन तयार बसलेत.