बाटल्यांच्या लाइनवरून

दि. ११, मंगळवार

लाडके छकुले,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझे भावजी पाठीमुळे अजून घरीच असतात. पाठ बरी आहे, कुरकुर मात्र तेवढीच. तुझी तब्येत कशी आहे, हे विचारताना हात अडतो. म्हणून आधी इकडचंच लिहिते.

मी अजून बाटल्यांच्या लाइनवरच आहे. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत येतात आणि डोक्याशीच बुचं ठोकणारं मशीन. तिथे ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून आम्ही बायका खुणांनी बोलतो. दोन बोटं म्हणजे चहा, नाक मुरडलं म्हणजे सुपरवायझर आला.

मागे आवाज मोजायला एक साहेब आले होते. आत पाऊल टाकताच त्यांनीच कान झाकले! मग मशीनवर जाड झाकण बसलं. काय सांगू तुला, शेजारच्या बाईचा आवाज तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. इतका घोगरा! दोघी पोट धरून हसलो. पण बाटली अडकली की झाकण उघडण्यात वेळ जायचा, माल कमी निघायचा. थोड्याच दिवसांत झाकण काढून भिंतीला टेकवलं. आम्ही मॅनेजरकडे गेलो, तर म्हणाले, "कानात घालायला बोळे दिलेत ना? मग आणखी काय पाहिजे?"

ते बोळे माझ्या कानात बसतच नाहीत, गळून पडतात. दुसरे मागितले. ते अजून येतायत.

मग कान तपासायला नर्स आली. जी नापास होईल तिला घरी बसवणार, अशी कुजबुज होती. घरात कमावणारी मी एकटी. कानावर हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मला काहीच ऐकू येईना. समोर खिडकीच्या काचेत नर्सचा हात दिसत होता. तिने कळ दाबली की मी बटण दाबायचे. पास झाले. निघताना ती काहीतरी बोलली, मी हसून मान हलवली. हल्ली असंच निभावते. लोकांचे चेहरे बघायचे आणि त्याप्रमाणे हसायचं.

फोनवर चेहरा नसतो गं.

त्या दिवशी तू बोलत होतीस आणि मला नुसती घरघर ऐकू येत होती. तुझे दिवस भरत आले होते, मला वाटलं बाळ झालं. मी म्हणाले, "अगं वा! छानच झालं की!" हसलेसुद्धा. तू फोन ठेवलास. मला वाटलं, रेंज गेली.

रविवारी मामी आल्या. समोर बसून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "बाळ गेलं. तिने पहिला फोन तुला केला. आणि तू हसलीस?"

छकुले, मला कळलं नव्हतं.

काल डॉक्टरांना दाखवलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलंय ते जपायचं तर ते काम सोडा. सोडून खायचं काय, ते त्यांना कुठे ठाऊक! उद्या पहिली पाळी आहे. जाणार आहे.

माफ कर, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू? ये असंही म्हणवत नाही. आलीस आणि माझ्या गळ्यात पडून बोललीस, तर तुझा चेहरा दिसणार नाही आणि मला पुन्हा काहीच कळणार नाही.

ऐकू आलं असतं तर तशीच धावत सुटली असती,
ती तुझी ताई