राक्षसाचा सरळ झालेला पाय

बाबा,

माशाचं सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या.

दुपारी ओड्वारकाकांना आणि शेजाऱ्यांना घेऊन आमच्या कार्टून सिनेमाला जाऊ नका. दुसरा भाग साफ फसलाय. ‘पहिल्या भागातला लंगडा राक्षस माझ्या पोरीने माझ्या चालीवरून काढलाय,’ असं तुम्ही अख्ख्या बर्गनला सांगत सुटलात. या भागात दहाव्या मिनिटाला जादू होते नि तो ताडताड चालायला लागतो. लोकांना लंगडं बघवत नाही म्हणे! स्टुडिओत वरून हुकूम आला, मी मान डोलावली. त्याचा पाय मीच सरळ केला, बाबा.

तोंडावर सांगवेना. तीन चिठ्ठ्या फाडल्या. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी बंदरावर फेऱ्या मारत असेन. काठी दाराशी आहे. रागवायचं असेल तर या. तुमच्याच चालीने या, मी थांबते.

राग्नहिल्ड