कच्चा आवाज

प्रिय खटपट्या,

तुझे फोन मी उचलत नाही म्हणजे मी रुसलेय, असं तू धरून चालला असशील. रुसले नाही रे, हादरलेय. तुझा निरोप वाचला. येऊन ते गाणं पुन्हा नीट गा, नाव तुझंच लावतो, म्हणतोस. नाही आलीस तर महिनाअखेरीला गायिकाबाईंच्या आवाजातलं गाणं येईल आणि आत्ताचं सगळीकडून पुसलं जाईल. त्याचंच उत्तर देतेय, पण आधी माझं सगळं ऐकून घे. तुला मधेच तोंड घालायची खोड आहे, पत्रात ती सोय नाही हे एक बरं.

मी हल्ली चष्म्याच्या दुकानात असते. आधी पुढे काउंटरवर होते, गोड बोलून महागातली फ्रेम गळ्यात मारण्यात माझा हात कुणी धरला नसता. आता मागच्या खोलीत काचा घासते. मालक तिथे रेडिओ लावून ठेवतात. मंगळवारी एक गाणं सुरू झालं, फुस्स, ठक, फुस्स, ठक, आणि मला चक्क ओल्या कपड्यांच्या वाफेचा वास आला. तुझ्या खोलीखालचा इस्त्रीवाला! गाण्याच्या ठेक्यासाठी त्याच्या इस्त्रीचा आवाज पकडायला तू खिडकीतून दोरीने माइक खाली सोडला होतास आणि तो बिचारा वर बघून विचारत होता, कपडे असेच वर ओढून घेणार का म्हणून. मी गालातल्या गालात हसत होते. मग बाई गायला लागली, आणि ती बाई मी होते.

हातातली काच घासायच्या चाकात गेली आणि फुटली. मालक धावत आले, माझी बोटं उलटसुलट करून बघितली. मी नुसती रेडिओकडे हात करत होते. त्यांना वाटलं, मला आवाजाचा त्रास होतोय, म्हणून त्यांनी रेडिओच बंद केला. इतका भला माणूस, पण त्या क्षणी मला तो डोळ्यांसमोर नको झाला.

अरे, ते काय गाणं होतं का? गायिकाबाईंना चाल पाठ करायला कच्चा आवाज भरून दे, म्हणालास. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, दाराला जाड पांघरूण, घरघर नको म्हणून पंखा बंद, आणि मला सणसणीत सर्दी. दुसऱ्या कडव्याआधी मी नाक ओढलंय, ते तुझ्या सगळ्या यंत्रांच्या गलक्यात अजून ऐकू येतं. शेवटची ओळ हसण्यात गेली, कारण तू कीबोर्डच्या नको त्या पट्टीवर कोपर टेकलंस. नंतर बाई येऊन स्वच्छ गाऊन गेल्या, गाण्यांच्या कंपनीने ते कपाटात टाकलं, आणि इतक्या वर्षांनी कंपनीने मागितल्यावर तू भलतीच, माझ्या आवाजातली फाइल पाठवलीस. पाठवणारच. 'शेवटचं', 'शेवटचं खरं', 'आता नक्की शेवटचं' अशी नावं देणारा माणूस तू. आणि कंपनीतल्या एकालाही कळलं नाही? बाईंनासुद्धा गाणं गाजल्यावर कळलं?

आणि गाजलं तरी किती! समोरच्या व्यायामशाळेत त्यावर उड्या मारतात. माझ्या जावेने ते फोनला लावलंय आणि वर सांगते, गाणारीण जरा नाकात गाते. पेपरात एका शहाण्याने लिहिलंय, हा आवाज माणसाचा नाहीच, संगणकाने बनवलाय, म्हणून तर इतका निर्विकार आणि अचूक आहे. निर्विकार! मला ताप होता, मेल्या! नवरा दाढी करत होता तेव्हा शेजाऱ्यांकडे ते लागलं. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो दारात येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत गेला आणि नळ सोडून बसला. बराच वेळ बाहेर आला नाही. मला त्याचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं.

आता तू विचारशील, यात इतकं काय, ये आणि गा. खटपट्या, मला येता येणार नाही. लेक रांगत होती तेव्हा माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली, आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते, वर रुमाल बांधते. बोलणं पाटीवर किंवा हातवाऱ्यांनी. तुला कळवलं नाही, कारण तू रडत आला असतास. शिवाय ज्याला कळतं तो माझ्याशी ओरडून बोलायला लागतो, मी बहिरी असल्यासारखा. माझ्या आवाजातलं जुनं काही शिल्लक असेल म्हणून आम्ही घर पालथं घातलं होतं. लग्नाच्या चित्रफितीत नुसता बँड वाजतोय. माझा आवाज गेला तो गेला, अशी मी मनाची समजूत घालून मोकळी झाले होते. बाईंचा अपमान झालाय, मान्य. त्यांना त्यांचं गाणं काढू दे, हवं तर माझ्या नावाशिवाय जगू दे हे, पण हे पुसू नकोस. तुझ्या पाया पडते, पुसू नकोस. काल लेक शाळेतून हेच गाणं गुणगुणत आली. मी पाटीवर लिहिलं, ही मी आहे. ती नुकतीच वाचायला शिकलीय, तिने बोट ठेवून दोनदा वाचलं आणि खोटं म्हणाली. मग मी गाणं लावलं. तिने फोन कानाला धरला, पूर्ण ऐकलं आणि दबक्या आवाजात मला विचारलं, आई, यात तू मला हाक कुठे मारतेस?

तुझीच,
आगाऊ