डावा हात

माय, आज माझ्या हिरड्या कापल्या. अर्धं तोंड अजून बधिर आहे, धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. राग असा आला आहे की कोणावर तरी काढल्याशिवाय चैन पडायची नाही. डॉक्टरवर काढून झाला, आता तुझी पाळी.

जिल्ह्याच्या गावचा तो दवाखाना तू विसरली नसशील. तुझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायला लागले होते. डॉक्टर म्हणाला, हिरड्या उघडून आतली घाण खरवडावी लागेल, आता एक बाजू करू, मग दुसरी. वांग्यांची तोडणी अर्धी टाकून तू धामणगाव बढ्याहून माझ्यासोबत एसटीनं आलीस. मी तेव्हा कॉलेजात होते. मी बाहेर बाकावर बसले आहे, आणि दारावरचा पडदा इतका आखूड की खुर्चीवरचे तुझे पाय मला दिसताहेत. आत डॉक्टर घाईघाईनं म्हणतो, "दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." तू म्हणतेस, "हाव." बस, एवढंच बोलणं. सुई कुठे टोचेल, खरवडताना डोक्यात कसला आवाज घुमेल, टाके किती दिवस राहतील, यातलं एक अक्षरही त्यानं सांगितलं नाही. थोड्या वेळानं तुझ्या पायांची बोटं आवळली, एकदा टाच खुर्चीवर आपटली. मी उठून उभी राहिले. पण डॉक्टर थांबला नाही, म्हणजे तू हात उचलला नसणार, असं समजून पुन्हा बसले. नंतर तो बाहेर येऊन कौतुकानं म्हणाला, "तुमची आई फार सहनशील. एकदाही हात उचलला नाही. असे पेशंट पाहिजेत."

घरी तू चुलीपुढे बसून ज्वारीच्या कण्या ताकात कालवून गिळत होतीस, तेव्हा मी विचारलं, "माय, दुखत नव्हतं का?"

"दुखत व्हतं ना. जीव जाये."

"मंग हात काऊन नाही उचलला?"

"डावा? डाक्टरच्या तोंडापुढं डावा हात नाचवू? काय म्हणन तो मले?"

मी तेव्हा हसले होते. आज हसू येत नाही. तुझ्या स्वयंपाकघरात मी डाव्या हातानं भाकर वाढली की तू मनगटावर उलथनं मारायचीस. प्रसाद उजव्यात, कुंकू उजव्यानं, मोठ्या माणसाला द्यायचं-घ्यायचं ते उजव्यानंच. माझा लहानपणापासून डावाच हात पुढे यायचा, तो तू मागे घ्यायला लावलास. बरं, तू नाही सांगितलंस, पण त्या माणसाला कळू नये? अख्ख्या जिल्ह्यातल्या बायका त्याच्या खुर्चीवर बसून गेल्या असतील. तो उजवीकडे बसतो, त्याला उजव्या हाताची अडचण होते, म्हणून डावा. पाय हलवा म्हणाला असता तरी चाललं असतं. तुझे पाय तर ओरडतच होते.

दुसऱ्या बाजूसाठी तू पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाहीस. तुझी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन मी एकटीच गेले, तर डॉक्टर म्हणाला, "खेड्यातले लोक असेच. अर्धवट सोडतात." तीच बाई आधी सहनशील आणि आता अडाणी! त्या बाजूचे दात एकेक करून गेले. शेगावला गेलो की आम्ही कचोरी खाऊन हात धुवायचो, तरी तू एकाच गालात घास घोळवत असायचीस. हुरडा तू सगळ्यांना चोळून द्यायचीस, आणि स्वतः नुसती बघायचीस. घरचे म्हणायचे, घाबरली सुईला. तू ऐकून घेतलंस. पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या वावरवाल्याला गप्प करणारी तू, इथे तुझी जीभ कुठे गेली होती?

आज मेहकरला माझी वेळ होती. तुझंच दुखणं, तुझ्याच हिरड्या. डॉक्टर पोरगेला, दवाखान्यात एसी, आणि वाक्य मात्र तेच, डावा हात वर करा. मी काही विचारायच्या आत "टेन्शन घेऊ नका, ताई" म्हणून त्यानं तोंडावर हिरवं फडकं टाकलं आणि मदतनीस मुलीशी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलायला लागला. मागच्या दाढेकडचा भाग बधिर झालाच नव्हता. कळ थेट कानात गेली. मी हात उचलला. "झालंच, झालंच," तो म्हणाला, आणि त्या मुलीनं माझा हात हळूच खाली दाबला.

मग मी उठूनच बसले, माय. फडकं ओढून काढलं, तोंडात रक्त आणि कापूस, तशीच म्हणाले, "आधी नीट बधिर करा. मग काय करणार ते सांगा. मग हात लावा." त्याचं तोंड उतरलं, पण त्यानं अजून एक इंजेक्शन दिलं आणि थांबला. मग प्रत्येक वेळी सांगत गेला, आता दाब वाटेल, आता पाणी येईल, आता टाका घालतोय. आणि दुखलं नाही, माय. नुसता दाब वाटला. थोडं औषध, थोडं थांबणं आणि चार शब्द, एवढंच लागत होतं, आणि तेवढंही तुला कुणी दिलं नाही. मला रडू आलं. दुखतंय का, म्हणून त्यानं विचारलं, तर मी मानेनंच नाही म्हटलं.

दुसऱ्या बाजूसाठी मी जाणार आहे. हा कागद उद्या फाडून टाकीन. तू असतीस तरी तुझ्यापुढे हे वाचायची माझी हिंमत झाली नसती. पण वर एक गोष्ट लपवली आहे. मी उचलला तो उजवा हात होता. डॉक्टरच्या कोपराला लागला, तेव्हा तो दाबत ती मुलगी म्हणाली, "ताई, सरनं डावा सांगतला होता ना." डावा मांडीखाली होता. मीच दाबून ठेवला होता.